मोहोळापुढचा दिवा

अक्का गेली त्याला या अमावास्येला चार महिने झाले. भेटायला आलेल्यांनी तिच्याविषयी पुष्कळ चांगले सांगितले. तिचे उपास, तिचे सोवळे, तिचे कमी बोलणे. मी ऐकून घेत होतो. सगळे खरेच होते, पण त्यात ती मला कुठे दिसत नव्हती. मोहोळाचा विषय एकानेही काढला नाही. काढणार कोण? ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिले त्यांतला मी एकटा उरलो आहे. म्हणून लिहायला बसलो. दिवसाला आठ-दहा ओळी होतात, मग लेखणी खाली ठेवावी लागते. घाई कोणालाच नाही.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लढाई लागली आहे आणि तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आहे, एवढे शाळेत येणाऱ्या वर्तमानपत्रातून मला कळत असे. गावाला लढाईचे काही नव्हते, भावाचे होते. अमरावतीत बाहेर पडले की गाड्यांच्या रांगांतून वाट काढावी लागे. कापसाच्या गंजी घरांपेक्षा उंच झाल्या होत्या. हवेत सरकी काढलेल्या कापसाचे तंतू सतत तरंगत असत. ते पोथीच्या पानांत सापडत, ताकात सापडत, झोपून उठले की पापण्यांना चिकटलेले असत. मी नवीन शाळेत मास्तर होतो आणि माझे अर्धे वर्ग रिकामे असत, कारण कापूस वेचायला गेलेल्या मुलाला दिवसाकाठी जे मिळे ते पाहून मलाच कधी कधी वाटे की आपणही जावे.

अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला अकोल्याला दिले होते. नवरा तापाने गेला तेव्हा ती सतरा वर्षांची होती. सासरी तिचे केस काढले, लाल आलवण नेसवले आणि सगळा सैपाक तिच्या गळ्यात घातला. तीन वर्षे ती तिथे राहिली. त्या तीन वर्षांविषयी ती कधी बोलत नसे. एकदाच म्हणाली, की तिथे तिला कोणी कशाने हाक मारत नसत, नुसते ताट सरकवल्याचा आवाज झाला की आपल्याला बोलावले आहे असे समजायचे.

मग एका चैत्रात ती चार दिवसांसाठी माहेरी आली, आणि त्याच चार दिवसांत आमच्या घरी माशा आल्या.

आमचे घर मातीच्या भिंतींचे, चार खोल्यांचे. आई आम्ही लहान असतानाच गेलेली. नाना, म्हणजे आमचे वडील, पुराण सांगत. घर चालवी ती आत्या, नानांची थोरली बहीण. माझी बायको वयाने लहान, अजून तिच्या माहेरीच. माजघराच्या मागच्या भिंतीत एक खोल कोनाडा होता. त्याला आतून फळी लावून बंद केलेले. परसाच्या बाजूने त्याच भिंतीला एक भोक होते, कारण पूर्वी तिथे गोठ्याचा वासा शिरवलेला होता. त्या भोकातून माशा कोनाड्यात शिरल्या. त्या सातेरी माशा होत्या, अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी पोळी बांधणाऱ्या, आग्या माशीसारख्या चवताळून न उठणाऱ्या. संध्याकाळी भिंतीला कान लावला की आत कोणी दळण दळते आहे असे वाटे.

नाना परसात उभे राहून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "लक्ष्मी आली. लेकीच्या पावलानं आली."

त्या एका वाक्यावर अक्का राहिली. अकोल्याहून तिला केव्हा पाठवता असे विचारले गेले तेव्हा नानांनी हेच कारण कळवले, आणि लक्ष्मी म्हटल्यावर त्यांनाही आग्रह करता आला नाही. आमच्या घरात हे कोणी कधी उच्चारले नाही, पण चौघांनाही ठाऊक होते. मोहोळ आहे तोवर अक्का आहे.

लक्ष्मी आली म्हणजे तिची सेवा आली. ती आत्याने आपणहून अंगावर घेतली. भोकाच्या खाली हातभर अंतरावर तिने भिंत कोरून दिव्यापुरती जागा केली. रोज तिन्हीसांजेला तिथे तेलाचा दिवा ठेवायचा आणि धुपाटणे घेऊन भोकासमोर ओवाळायचे. धूर थेट भोकात जाई. माशा मागे सरत, भोक मोकळे होई, आणि आत्या म्हणे, "पाहा, दर्शन देते." ऊन असो, पाऊस असो, तिने हे दोन वर्षांत एक दिवस चुकवले नाही. गुडघे दुखत असत तरी परसाच्या तीन पायऱ्या ती उतरून जाई. फळी काढून मध घ्यायचा नाही असा नानांचा नियम होता. लक्ष्मीच्या कोठारात हात घालायचा नाही. अक्काला फक्त एवढी मुभा होती की सकाळी आतली फळी चार बोटे सरकवून पाहावे आणि खाली पडलेले मेण-माशी झाडून काढावे. ती ते इतके हळू करी की माशा तिच्या बोटांवरून चालत जात.

तिसऱ्या वर्षी मात्र माशा रोडावल्या. कारण काय ते तेव्हा आम्हाला कळले नाही, आता कळते. गावाभोवती जवस, करडई, तीळ व्हायचे ते कोणी पेरेना, जो तो कापूस लावी. बाभळी तर गाड्या करण्यासाठी तोडून नेल्या होत्या. कापूस फुलेपर्यंत माशीने खायचे काय? पोळी सात होती, पण अक्का सांगे की मधल्या दोन-तीन पोळ्यांवरच माशा बसतात, बाकीची काळी पडून नुसती लोंबत आहेत.

नागपंचमीच्या नंतरची गोष्ट. सकाळी अक्काने फळी सरकवली आणि तशीच हात धरून उभी राहिली. मी शाळेला निघालो होतो. तिने मला खुणेने बोलावले. काळ्या पोळ्यांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरले होते. खाली खसखशीसारखी काळी विष्ठा पडली होती आणि त्यात बोटाच्या पेराएवढ्या मळकट पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. एक अळी मेणातून भुयार काढीत चालली होती आणि तिच्या वाटेवर असलेली माशांची पिल्ले उघडी पडली होती, झाकण गेलेली, पांढऱ्या डोक्यांची.

मागे आत्या येऊन उभी राहिलेली आम्हाला कळलीच नाही.

"लक्ष्मीच्या घरात किडे पडले," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "रोज सकाळी उठून कोणाची सावली पडते तिथं? मी बोलत नाही. बोलली तर माझंच तोंड वाईट होते."

अक्काने फळी बंद केली आणि विहिरीवर गेली. आत्या वाईट नव्हती, हे मला लिहून ठेवायला हवे. ती खरोखर घाबरली होती. दोन वर्षे जिची सेवा केली ती देवता डोळ्यांदेखत सडते आहे, आणि कारण शोधायला गेले तर घरात बोट दाखवायला एकच माणूस.

त्याच दिवशी दुपारी तिने मला बसवले. नाना झोपाळ्यावर होते, पण पुराणातला कुठलासा श्लोक आठवत असल्यासारखे छताकडे पाहत होते. आत्या म्हणाली, "अक्षर चांगलं आहे तुझं. अकोल्याले लिही. कार्तिकात या न् हिले घेऊन जा म्हणा." मी लिहिले. माझ्या हातून त्या काळी जे सुंदर अक्षर निघे त्याच अक्षरात लिहिले, मायना आणि शेवट दोन्ही यथास्थित. एक शब्द बोललो नाही. अकोल्याकडे निघालेल्या एका ओळखीच्या गाडीवानाकडे पत्र दिले. पुढे कितीतरी वर्षे कोणी माझ्या अक्षराची तारीफ केली की मला ते पत्र आठवे.

अक्काला हे कळले ते माझ्याकडूनच. ती धान्य निवडत होती. तिने मान वर केली नाही. निवडलेले दाणे बाजूला सारत विचारले, "कार्तिक म्हणजे तीन महिने झाले ना?"

"हो."

"मग भाऊ, एक काम कर. झाकणाची पितळी डबी मला आणून दे. लाकडाची नको, ती पोखरून बाहेर येतील."

तिने डबीत पोळ्याचा एक काळा तुकडा ठेवला, त्यावर पाच अळ्या सोडल्या, आणि झाकणाऐवजी तोंडावर फडके बांधले. रोज पाही. काय पाहतेस विचारले तर म्हणे, काही नाही, खातात. मग अळ्यांनी मेणाला चिकटून पांढरे कोश विणले आणि त्या दिसेनाशा झाल्या. मला वाटले मेल्या. मी पुस्तके चाळून पाहिली. माझ्यापाशी होती ती सगळी व्याकरणाची, गणिताची आणि वेदान्ताची. त्यांत अळीविषयी काही नव्हते.

पोळ्याच्या सणाच्या सकाळी बाहेर बैल सजत होते, वाजंत्री चालली होती, आणि अक्काने मला हाक मारली. फडक्याच्या आतल्या बाजूला राखी रंगाचा एक पतंग बसला होता. पंख घराच्या छपरासारखे उतरते मिटलेले. दुसरा डबीच्या कडेवर. आकाराने दोन्ही जेमतेम अर्ध्या बोटाचे.

"हे कोण आहेत, ओळखलंस?" ती म्हणाली.

मी ओळखले नाही.

"आत्याच्या दिव्याखाली भिंतीला बसलेले असतात रोज. मी दोन वर्ष झाडून टाकते त्यांना." मग तिने डबी माझ्यापुढे सरकवली. "सावलीतून अळी होत नाही, भाऊ. अळी याच्यातून होते. आणि हा दिव्यावर येतो."

मी त्या डबीकडे पाहत राहिलो. आयुष्यात मी पुष्कळ सिद्धांत वाचले आणि शिकवले, पण एखादी गोष्ट सिद्ध होताना डोळ्यांनी पाहिली ती त्या सकाळी.

पण एवढे कळून मोहोळ कसे वाचवायचे ते कळत नव्हते. सोवळ्या बाईला बाजारात जाऊन विचारता येत नाही; मी गेलो. परतवाड्याकडून येणाऱ्या गाड्यांबरोबर मेळघाटातला एक म्हातारा बाजाराच्या दिवशी मेणाच्या ढेपी आणि मध घेऊन बसत असे. मी त्याच्यासमोर छत्री टेकून उभा राहिलो आणि आमची हकिकत सांगितली. त्याने आधी मला पायापासून पगडीपर्यंत पाहिले.

"पोळे किती हायेत?"

"सात."

"माशी कितीवर बसते?"

"दोन. फार तर तीन."

"मंग बाकीचे चार कोनासाठी ठेवले, अळीसाठी?" त्याच्या शेजारचा मिरच्यावाला हसला. म्हातारा हसला नाही. "भोक केवढं हाय?"

मी मूठ दाखवली.

"भोक हाय का गावाची वेस हाय मास्तर? हे शाळेत नाई शिकवत काय?"

"नाही."

"मंग काय शिकवता?"

 पण त्याने सांगायचे ते सांगितले, आणि मी ते तिथेच उभ्या उभ्या शिसपेन्सिलीने टिपून घेतले. माशांनी झाकले आहे तेवढेच पोळे ठेवायचे, बाकीचे सगळे कापून काढायचे. कापलेले घरात ठेवायचे नाही, त्याच घटकेला उकळत्या पाण्यात टाकायचे. भोक चिखलाने लिंपून एक करंगळी जाईल एवढेच ठेवायचे, म्हणजे दारावर दोन माशा बसल्या तरी पतंगाला आत शिरता येत नाही. आणि फुले येईपर्यंत गुळाचे पाणी. दिव्याविषयी तो काही बोलला नाही. माशीच्या दारात कोणी रोज दिवा लावीत असेल हे त्याच्या स्वप्नातही आले नसते.

आता दोन माणसांना पटवायचे होते. अक्काने आधी अवघड ते घेतले. संध्याकाळी आत्या दिवा घेऊन निघाली तेव्हा ती तिच्यामागे परसात गेली आणि म्हणाली, "आत्या, आज दिवा ठेवून लगेच आत नका येऊ. माझ्यासोबत एक घटकाभर बसा."

"काहून?"

"काही दाखवायचं आहे. मी तोंडानं सांगितलं तर तुमाले राग येईल. तुमच्या डोळ्यांनी पाहा."

आत्या पायरीवर बसली. मी दारात उभा होतो. दिवा लागला, धूप फिरला, धूर भोकात गेला. भोकाच्या तोंडाशी राखण करणाऱ्या दहा-पंधरा माशा गडबडून आत सरल्या. दर्शन झाले. आणि मग, ज्या वेळी आत्या रोज पायऱ्या चढून घरात गेलेली असे त्या वेळी, कुडाच्या सांदीतून एक राखी पतंग निघाला. दिव्याभोवती दोनदा फिरला. भिंतीला बसला. तिथून पाखरासारखा न उडता उंदरासारखा तुरुतुरु धावत वर गेला आणि मोकळ्या भोकात शिरला. त्याच्यामागे दुसरा. थोड्या वेळाने तिसरा.

अक्काने डबी आत्याच्या मांडीवर ठेवली आणि फडके सोडले. आत्याने डबीतल्या पतंगाकडे पाहिले, मग भिंतीकडे पाहिले. चौथा पतंग दिव्यापाशी येत होता.

 मला वाटले आता ती संतापेल, अक्काला काहीतरी असे बोलेल की जे परत घेता येत नाही. पण तिने डबीवर फडके पुन्हा झाकले. "मी बोलावलं यांना," ती म्हणाली. "दोन वर्ष. रोज. पायऱ्या उतरून."

"तुमाले माहीत नव्हतं."

"न् तुले म्हटलं मी." एवढेच. ती उठली, दिवा हातात घेतला, वात सांभाळत परसाच्या पलीकडच्या टोकाला तुळशीपाशी नेऊन ठेवला. धुपाटणे तिने ओंजळभर पाणी टाकून विझवले. आत येताना माझ्यापाशी थांबली. "उभा काय राहिला मुक्यासारखा? त्या मेणवाल्यानं काय सांगितलं ते वाच."

नानांना पटवायचे काम मग आत्यानेच केले. लक्ष्मीच्या घराला सुरी लावायची, तीही विधवेच्या हातून, हे त्यांना गिळवत नव्हते. आत्याने त्यांना विचारले की माझ्या हातून दिवा लागला त्याचे काय झाले ते पाहायचे आहे काय. नानांनी डबी पाहिली. पंचांग मागून घेतले. पाने उलटली, आणि न बघता म्हणाले, "परवा दशमी आहे. सकाळी चांगलं आहे." होकार द्यायची त्यांची ती रीत होती.

दशमीच्या सकाळी अक्काने पदर खोचला, हातांना तुळशीचा पाला चोळला आणि फळी पूर्ण काढली. आम्हाला तिने मागे हटायला सांगितले. म्हणाली, "माशी केसांत अडकली की घाबरते, मग चावते. माझ्या डोक्यात अडकायला काही नाही. तुम्ही दूर राहा." हे तिने इतक्या सहज सांगितले की आत्याने पदर तोंडाला लावला, हसली की रडली ते मला दिसले नाही. मी मात्र दिवटी धरायची म्हणून पुढे गेलो, आणि पुढच्याच क्षणी एक माशी माझ्या शेंडीत गुंतली. मी माजघरातून ओसरीवर, ओसरीवरून रस्त्यावर धावलो. रस्त्यात कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. गाडीवानांनी नव्या शाळेच्या मास्तरला शेंडी धरून नाचताना पाहिले आणि ते त्यांनी पुढे महिनाभर तरी गावभर सांगितले. टाळूवर दंश घेऊन परत आलो तेव्हा अक्का हसून हसून भिंतीला टेकली होती. तिला तशी हसताना मी तिच्या लग्नाआधी पाहिली होती, त्यानंतर तेव्हाच.

मग ती कामाला लागली. तिचा हात एकदाही घाईत पडला नाही. काळे, जाळे धरलेले पोळे ती मुळाशी कापी, त्यावर एखादी माशी असेल तर पिसाने अलगद मधल्या पोळ्यावर उतरवी आणि तुकडा मागे आत्याच्या हातात देई. आत्या तो परसातल्या उकळत्या पाण्याच्या हंड्यात टाकी. आत्या, जिने दोन वर्षे त्या भिंतीसमोर हात जोडले, ती अळ्यांसकट पोळी हंड्यात लोटीत होती आणि प्रत्येक तुकड्याला म्हणत होती, "जा. जा आता." सातांतली चार पोळी गेली, पाचवे अर्धे गेले. लाकडाच्या भेगांतून अक्काने सुरीच्या टोकाने कोश खरवडून काढले, एकूण एक. शेवटी कोनाड्यात अडीच पोळी उरली, त्यावर माशा दाटीवाटीने बसलेल्या, आणि त्यांच्यामध्ये एक लांबट, गडद माशी संथ चालत होती. अक्काने मला बोटाने दाखवली. "ही आहे तोवर सगळं आहे," ती कुजबुजली. दुपारपर्यंत परसातले भोक चिखलाने लिंपून तिने त्यात आपली करंगळी घालून पाहिली.

पुढचे पंधरा दिवस भीतीचे होते. सातेरी माशी दुखावली की एका सकाळी सगळी उठून निघून जाते, असे त्या म्हाताऱ्याने सांगितले होते. रोज सकाळी अक्का आधी भिंतीला कान लावी, मग तोंड धुई. आत्याने गुळाच्या पाण्याची वाटी आपल्याकडे घेतली. माशी बुडू नये म्हणून त्यात काडीकचरा टाकायचा असे अक्काने शिकवले होते. आत्या दूर्वा टाकी. नैवेद्य म्हणे ती त्याला. दिवा गेला, धूप गेला, पण तिची तिन्हीसांज रिकामी राहिली नाही. भोकाच्या तोंडाशी आता चार माशा सतत पहारा देत. एका संध्याकाळी आत्याने आम्हा सगळ्यांना बोलावून दाखवले: पतंग आला, भोकाशी गेला, आणि एका माशीने त्याला पंखाला धरून बाहेर ओढला. तो खाली पडला. आत्याने त्याला चपलेने चिरडले आणि पाणी मागितले, हात-पाय धुवायला.

आश्विनात कापूस फुलला. गावाच्या चारी बाजूंनी, क्षितिजापर्यंत, पिवळी फुले, दुपारनंतर गुलाबी पडणारी. ज्या कापसाने माशांची बाभूळ आणि जवस खाल्ले त्यानेच आता त्यांना जेवू घातले. ज्वारीही निसवली, कणसे बाहेर पडली. माशा पायांना पिवळे गोळे लावून येत आणि अरुंद भोकाशी त्यांची झुंबड उडे. अक्का म्हणे, बाजारपेठेतल्या गाड्यांसारखी. तिने करंगळीचे भोक दोन करंगळ्यांचे केले. दसऱ्याला नव्या पोळ्यांची पांढरी कड दिसली. दिवाळीला ती पोळी कोनाड्याच्या तळापर्यंत आली. पांढरीशुभ्र, कुठे एक धागा नाही, कुठे खसखशीएवढा डाग नाही.

कार्तिकात अकोल्याहून तिचा धाकटा दीर आला. माणूस वाईट नव्हता, उतावळा होता. हातात नवे सोन्याचे कडे, तोंडी भाव. त्यांच्या घरी आता दलालांची पंगत रोज उठते, सैपाकाला माणूस पुरत नाही, पत्र वेळेवर आले, असे तो गूळपाणी घेण्याआधीच बोलून गेला. पत्र खिशातून काढून त्याने गादीवर ठेवले. माझे अक्षर मला तिथून दिसत होते. नाना छताकडे पाहू लागले.

मी आयुष्यात मोठ्यांच्या बैठकीत आपणहून तोंड उघडले ते त्या दिवशी. म्हणालो, "ते पत्र मी लिहिलं. चुकून लिहिलं. अक्का येणार नाही."

दीर हसला. "मास्तर, चूक शाईची असली तर खोडता येते. इथे माझी गाडी उभी आहे."

 आत्या आतून आली. तिने त्याला माजघरात बोलावले, अक्काला फळी काढायला सांगितली. अक्काने फळी उचलली. आत सकाळचे ऊन भोकातून शिरले होते आणि सहा पोळी माशांनी अशी झाकली होती की मेण कुठे दिसत नव्हते. सगळी भिंत श्वास घेत असल्यासारखी हलत होती. दीर एक पाऊल मागे सरला.

"श्रावणात हे सडून गेलं होतं," आत्या म्हणाली. "मी सडवलं. हिनं उभं केलं. तुमी हिले नेता, ठीक आहे. मंग हे सांभाळायले अकोल्याहून कोणाले पाठवता ते सांगा. सैपाकी नका पाठवू. हे जाणणारा पाठवा."

त्याने अक्काकडे पाहिले. मला वाटते, पहिल्यांदाच पाहिले. तिने मान खाली घातली नव्हती. ओसरीवरून नानांचा आवाज आला, छताकडे पाहत नव्हते ते आता, "जेवून जा म्हणावं त्यांना. ऊन झालं आहे." म्हणजे परत जा, एकटे.

तो जेवला, नानांनी आपलाच नियम मोडून अक्काला काढायला सांगितलेला थोडा मध त्याच्या पानावर वाढला, आणि तो एकटा गेला.

पुढच्या वैशाखात मोहोळाची फूट झाली. अर्ध्या माशा नवी राणी ठेवून उडाल्या आणि अक्काने त्या रांजणात घातल्या, एका करंगळीचे भोक ठेवून. मग शेजाऱ्यांच्या भिंतीत मोहोळे बसू लागली आणि अळी पडली की लोक बोलवायला येऊ लागले. सोवळ्या बाईला अपशकुनी मानणारी माणसे सकाळीच दारात उभी राहून विचारीत, बाई आहेत का घरी. अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळले, गंजी पावसात भिजत राहिल्या, आणि शेतांत पुन्हा जवस दिसू लागला. अक्काने त्यातले फक्त शेवटचे बोलणे कान देऊन ऐकले.

काही वर्षांनी तिच्या सासरहून पत्र आले. त्यांच्या वाड्याच्या भिंतीत माशा बसल्या होत्या आणि आता जाळे धरले होते. वहिनींनी यावे, अशी विनंती होती, मायना आदराचा. ती गेली. सोबत मी गेलो. ज्या सैपाकघरात तिची तीन वर्षे गेली त्याच्या ओट्यावर तिला बसवून जावांनी तिच्या हातावर पाणी घातले. दोन दिवसांत तिने त्यांची पाच पोळी काढली, थोरल्या जावेला पतंग आणि अळी डबीत घालून दाखवले, भोक लिंपून घेतले, आणि पहिल्यांदा विचारले ते हे, की इथे कोणी दिवा तर लावत नाही ना. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने गाठोडे बांधले. दीर म्हणाला, चार दिवस आणखी राहावे, सगळ्यांची इच्छा आहे.

"नाही," अक्का म्हणाली. "घरी कामं आहेत माझी."